माणसाचं हृदय पहिल्यांदा बदलणारे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉ. बर्नार्ड कोण, हे थोडक्यात सांगाल?

दक्षिण आफ्रिकेतले हृदयाचे सर्जन. ३ डिसेंबर १९६७ च्या पहाटे केप टाउनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयात त्यांनी एका माणसाचं निकामी हृदय काढून तिथे दुसऱ्या माणसाचं हृदय बसवलं. त्याआधी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीत डॉ. जेम्स हार्डी यांनी एका रुग्णाला चिंपांझीचं हृदय बसवून पाहिलं होतं, पण ते तासाभरातच थांबलं. माणसाचं हृदय माणसाला, हे बर्नार्डनी पहिल्यांदा केलं.

त्यांचं बालपण कुठे गेलं?

केप टाउनपासून आत, कारूच्या कोरड्या माळरानावर बोफर्ट वेस्ट नावाचं गाव आहे. तिथे ८ नोव्हेंबर १९२२ ला त्यांचा जन्म झाला. वडील ॲडम बर्नार्ड डच रिफॉर्म्ड चर्चचे धर्मोपदेशक होते. स्वतः गोरे, पण मंडळी सांभाळायचे ‘कलर्ड’ म्हणजे मिश्रवंशीय लोकांची. त्यामुळे पगारही कमी आणि गोऱ्या समाजात मानही कमी. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. अब्राहम नावाचा एक भाऊ अगदी लहान असताना हृदयाच्या दोषाने गेला. पुढे या भावाचं आणि बर्नार्डच्या पेशाचं नातं सगळ्यांनीच जोडलं, खुद्द त्यांनीही. पण वैद्यकीचं शिक्षण संपवून ते थेट हृदयाकडे वळले असं मुळीच झालं नाही. आधी त्यांनी सेरेस नावाच्या फळबागांच्या गावात साधी डॉक्टरकी केली.

हृदयाकडे वळण्याआधी मग त्यांनी काय केलं?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. माझ्या मते बर्नार्ड कळायचे असतील तर याच उत्तरापासून सुरुवात करावी.

काही बाळं जन्मतात तीच आतडं मधेच तुटलेलं किंवा बंद असलेलं घेऊन. दूध पोटात जातं, पुढे सरकत नाही. त्या काळी सर्जन काय करायचे, तर आतड्याची दोन टोकं एकमेकांना शिवायचे. दिसायला सगळं ठीक व्हायचं, तरी बरीच बाळं दगावायची. बर्नार्डना शंका आली की पोटात असतानाच आतड्याच्या त्या भागाचा रक्तपुरवठा तुटत असावा. हे सिद्ध करायला त्यांनी गाभण कुत्रीचं पोट उघडलं, गर्भातल्या पिल्लाच्या आतड्याकडे जाणाऱ्या काही रक्तवाहिन्या बांधल्या आणि पिल्लू परत गर्भाशयात ठेवून पोट शिवलं. पिल्लू जगून जन्माला आलं पाहिजे आणि त्याला तोच दोष असला पाहिजे, तरच म्हणणं खरं. प्रयोग फसत राहिले. नऊ महिने गेले. त्रेचाळिसाव्या प्रयत्नाला पिल्लू जन्मलं आणि त्याचं आतडं तस्संच बंद होतं, जसं बाळांचं असायचं.

म्हणजे शिवताना जी टोकं सर्जन जोडत होते, ती रक्ताविना आधीच मरगळलेली होती. उपाय सरळ निघाला: पंधरा-वीस सेंटिमीटर आतडं कापून टाका आणि रक्त नीट मिळणारी टोकं जोडा. त्यांचे ज्येष्ठ सहकारी जॅनी लाऊ यांनी ही पद्धत बाळांवर वापरली आणि जगणाऱ्यांची संख्या वाढली. जगभर कॅमेरे त्यांच्या मागे लागले ते वेगळ्याच कामासाठी. पण बेचाळीस वेळा फसल्यावर त्रेचाळिसाव्यांदा पोट उघडणारा माणूस कोणत्या मुशीतला होता, हे या कुत्र्यांच्या प्रयोगात जास्त दिसतं.

हृदयाचं काम ते कुठे शिकले?

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात, १९५६ ते १९५८ या काळात. विभागप्रमुख ओवेन वांगेनस्टीन होते आणि उघड्या हृदयावरच्या शस्त्रक्रियांचे त्या काळचे बिनीचे सर्जन वॉल्टन लिलेहाय तिथेच होते. बर्नार्ड गेले होते पोटाची सर्जरी शिकायला. पण शेजारच्या थिएटरात हार्ट-लंग यंत्र चालायचं. रुग्णाचं रक्त बाहेर काढून त्यात प्राणवायू मिसळायचा आणि परत शरीरात सोडायचं, तोवर हृदय थांबवून आत काम करायचं. ते पाहिलं आणि पोटाची सर्जरी मागे पडली.

याच काळात त्यांच्या बोटांना संधिवाताने ग्रासलं. सर्जनला याहून वाईट बातमी दुसरी नसेल. पुढची पंचवीस वर्षं त्या दुखऱ्या हातांनीच काम झालं.

परतताना वांगेनस्टीन यांनी खटपट करून त्यांना एक हार्ट-लंग यंत्र मिळवून दिलं. १९५८ मध्येच केप टाउनला त्या यंत्रावर शस्त्रक्रिया सुरू झाल्या. जन्मजात दोष असलेल्या मुलांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, कृत्रिम झडपही बनवली. मृदू स्वभावाचे नव्हते, थिएटरात चिडायचे, ओरडायचे. पण ऑपरेशननंतर रुग्णाच्या उशाशी बसून राहण्याची त्यांची सवय सहकाऱ्यांनी आवर्जून सांगितली आहे.

अमेरिका इतकी पुढे होती, तर पहिलं हृदयरोपण तिथे का झालं नाही?

तंत्र खरं तर अमेरिकेतच तयार झालं होतं. स्टॅनफर्डला नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी १९६० मध्ये कुत्र्यांवर हृदयरोपणाची पद्धत बसवली होती आणि पुढची सात वर्षं ते ती घासूनपुसून पक्की करत होते. शमवे मिनेसोटात बर्नार्डच्याच काळात शिकत होते. लोअर पुढे रिचमंडला गेले, तिथे १९६६ मध्ये बर्नार्ड काही महिने मूत्रपिंडरोपण शिकायला राहिले आणि लोअर यांचं कामही त्यांनी पाहिलं. बर्नार्डनी कुत्र्यांवर केलेली रोपणं पन्नासच्या आसपास, शमवे यांची कैक पटींनी जास्त.

अडलं होतं कायद्यापाशी. मेंदू पूर्ण मेला पण यंत्रावर हृदय धडधडतंय, अशा माणसाला मृत म्हणायचं का? अमेरिकेत याचं उत्तर कुणाकडे नव्हतं आणि उद्या सरकारी वकील खुनाचा आरोप ठेवेल ही भीती खरी होती. दक्षिण आफ्रिकेत डॉक्टरने मृत म्हटलं की माणूस मृत, एवढंच पुरेसं होतं.

मग श्रेय कुणाचं? टाक्यांचं श्रेय शमवे आणि लोअर यांचं, यात मला शंका नाही. पण सगळी तयारी असूनही कुणीतरी ‘मी करतो, बरंवाईट माझ्यावर’ म्हणावं लागतं. ते बर्नार्डनी म्हटलं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. अमेरिकी लेखक पहिलीवर थांबतात, दक्षिण आफ्रिकी दुसरीवर.

त्या रात्री नेमकं काय घडलं?

लुई वॉशकान्स्की हे केप टाउनचे किराणा व्यापारी, वय पन्नाशीच्या पुढे. मधुमेह होता, एकामागून एक हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते, पाय सुजलेले, झोपूनही धाप लागायची. हृदयरोगतज्ज्ञ व्हाल श्रायर यांनी त्यांना बर्नार्डकडे पाठवलं. बर्नार्डनी विचारलं, वॉशकान्स्कींनी लगेच होकार दिला. यावर बर्नार्ड पुढे म्हणायचे की मागे सिंह लागला असेल तर माणूस मगरींनी भरलेल्या नदीतही उडी टाकतो, कारण पलीकडे पोचण्याची थोडी तरी आशा असते. सिंह मागे नसता तर ती उडी कुणी मारली नसती.

शनिवार, २ डिसेंबर. दुपारी डार्व्हल कुटुंब ओळखीच्यांकडे चहाला निघालं होतं. वाटेत मेन रोडवर बेकरीपाशी गाडी थांबवून डेनिस आणि तिची आई केक घ्यायला उतरल्या. केक घेऊन रस्ता ओलांडताना एका गाडीने दोघींना उडवलं. आई जागीच गेली. डेनिस पंचवीस वर्षांची, बँकेत नोकरीला. तिच्या कवटीला जबर मार लागला होता, मेंदू गेला होता, हृदय मात्र शाबूत होतं. वॉशकान्स्कींची पत्नी नवऱ्याला भेटून रुग्णालयातून घरी जाताना त्या गर्दीजवळूनच गेली, असं सांगतात.

डेनिसचे वडील एडवर्ड यांना दोन डॉक्टरांनी विचारलं. बायको नुकतीच गेलेली आणि आता मुलीचं हृदय मागताहेत. त्यांनी चार मिनिटं घेतली. त्या चार मिनिटांत त्यांना डेनिसने आपल्या पहिल्या पगारातून त्यांच्यासाठी आणलेला बाथरोब आठवला, असं त्यांनी नंतर सांगितलं. मग ते म्हणाले, तुम्ही माझ्या मुलीला वाचवू शकत नसाल तर त्या माणसाला वाचवायचा प्रयत्न करा.

मध्यरात्रीनंतर शेजारशेजारच्या दोन थिएटरांत काम सुरू झालं. टीम तीसएक जणांची, त्यात बर्नार्डचा धाकटा भाऊ मारियसही. सुरुवातच बिघडली. वॉशकान्स्कींना यंत्राशी जोडायला मांडीच्या धमनीत नळी घातली होती, पण ती धमनी आतून इतकी कडक झालेली की नळीतला दाब चढायला लागला. ती नळी काढून थेट महाधमनीत घालावी लागली. मग जुनं हृदय काढलं. ते फुगून इतकं मोठं झालेलं की ते गेल्यावर छातीत मोठा खड्डा उरला, आणि डेनिसचं छोटं हृदय त्यात हरवल्यासारखं दिसत होतं. टाके पूर्ण झाले, रक्त सोडलं, हृदय नुसतं थरथरलं. विजेचा झटका दिला. क्षणभर शांतता, मग ठोके लागले. यंत्र बंद करायचा पहिला प्रयत्न फसला, दुसराही. तिसऱ्यांदा हृदयाने भार उचलला. तेव्हा उजाडायला आलं होतं.

या सगळ्याचा थिएटरातला एकही फोटो नाही. कॅमेरा आणायचं कुणाला सुचलंच नाही.

हृदय बदलताना शिवतात काय काय?

माझ्या आईची झडप बदलली तेव्हा डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे हृदय काढून दाखवलं होतं, तसं इथे चित्र काढता आलं असतं तर बरं झालं असतं. शब्दांत सांगायचं तर शमवे-लोअर यांची युक्ती अशी. हृदयात येणाऱ्या प्रत्येक शिरेला वेगळे टाके घालत बसायचं नाही. जुन्या हृदयाच्या दोन्ही कर्णिकांच्या, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या, मागच्या भिंती शिरांसकट तशाच ठेवायच्या आणि नवं हृदय त्या भिंतींना शिवायचं. मग उरतात चारच जोड: डावी कर्णिका, उजवी कर्णिका, फुप्फुसाकडे जाणारी धमनी आणि महाधमनी. नव्या हृदयाच्या मज्जातंतू मात्र जोडल्या जात नाहीत. म्हणून रोपण झालेल्या माणसाने जिना चढायला सुरुवात केली की ठोके लगेच वाढत नाहीत, थोड्या वेळाने वाढतात.

डेनिसचं हृदय चालू असतानाच काढलं का?

त्या वेळी सांगितलं गेलं ते असं: व्हेंटिलेटर बंद केला, हृदय आपोआप थांबेपर्यंत वाट पाहिली, मग छाती उघडली. अनेक वर्षांनी मारियस बर्नार्ड यांनी एका लेखकाला वेगळं सांगितलं. हृदयाची हानी होऊ नये म्हणून आपल्या आग्रहावरून पोटॅशियम देऊन ते थांबवलं, असं त्यांचं म्हणणं. आजच्या नियमांत हा प्रश्न उरत नाही. मेंदू मृत झाल्याचं रीतसर ठरलं की मृत्यू झाला, हृदय चालू असलं तरी. हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे डेनिसनंतर आठ महिन्यांनी. त्याच महिन्यात जपानमध्ये जुरो वाडा यांनी हृदयरोपण केलं आणि त्यांच्यावर थेट खुनाची चौकशी लागली. त्या धसक्याने जपानमध्ये हा विषय कित्येक वर्षं मागे पडला.

वॉशकान्स्की १८ दिवसांतच गेले. मग याला यश का म्हणायचं?

नवं हृदय शेवटपर्यंत नीट चाललं, मृत्यू झाला न्यूमोनियाने. शरीराने परकं हृदय नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देत होते. फुप्फुसावर सावली दिसली तेव्हा टीमला वाटलं शरीर हृदय नाकारतंय, म्हणून औषधं आणखी वाढवली. प्रत्यक्षात तो जंतुसंसर्ग होता आणि त्याच्याशी लढायला शरीरात काही उरलं नाही. २१ डिसेंबरला ते गेले. दक्षिण आफ्रिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात बर्नार्डचा अहवाल छापून आला ३० डिसेंबरला, आणि मथळ्यात ‘यशस्वी शस्त्रक्रिया’ असे शब्द तसेच होते. काहींना हा कोडगेपणा वाटतो. सर्जनच्या नजरेने पाहिलं तर शब्द चुकीचा नव्हता.

धडा मात्र घेतला. २ जानेवारी १९६८ ला दंतवैद्य फिलिप ब्लायबर्ग यांचं हृदय बदललं, तेव्हा औषधं बेतानेच दिली आणि जंतूंपासून कडक जपणूक ठेवली. ते १९ महिने जगले, घरी गेले, समुद्रावर गेले. खरी कलाटणी मिळाली ती या रुग्णामुळे. पुढे डोरोथी फिशर बारा वर्षांहून जास्त जगल्या आणि १९७१ मध्ये रोपण झालेले डर्क व्हान झिल २३ वर्षं.

‘खरं ऑपरेशन एका काळ्या माळ्याने केलं, श्रेय बर्नार्डनी लाटलं’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप खरा आहे का?

नाही. आणि खरी गोष्ट त्या फॉरवर्डपेक्षा चांगली आहे.

हॅमिल्टन नाकी ट्रान्सकायमधल्या खेड्यातून पोरवयात केप टाउनला आले. विद्यापीठात माळीकाम करायचे, टेनिस कोर्टवर रोलर फिरवायचे. १९५४ मध्ये प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट गोएट्झ यांना जिराफ धरायला माणूस हवा होता. जिराफ मान खाली घालून पाणी पितो तरी त्याला भोवळ का येत नाही, याचा अभ्यास चालला होता. नाकी मदतीला गेले आणि तिथेच राहिले. प्राण्यांना भूल देणं, टाके घालणं, मग अख्खी रोपणं, सगळं पाहून पाहून शिकले. पुढे यकृतरोपणाचं तंत्र ते शिकाऊ सर्जनना दाखवायचे. संधी मिळाली असती तर हा माणूस माझ्यापेक्षा चांगला सर्जन झाला असता, असं बर्नार्डच उतारवयात म्हणाले.

पण नाकींचं काम प्राण्यांच्या प्रयोगशाळेत होतं, त्या रात्री ते थिएटरात नव्हते. २००५ मध्ये ते वारले तेव्हा नामांकित परदेशी वृत्तपत्रांनीही ही दंतकथा मृत्युलेखात छापली आणि नंतर चूक कबूल करून दुरुस्ती दिली. दुरुस्ती काही फॉरवर्ड झाली नाही. अन्याय झालाच, पण तो दुसरीकडे: इतकं शिकवून १९९१ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा निवृत्तिवेतन माळ्याचंच होतं. विद्यापीठाची मानद पदवी मिळाली २००३ मध्ये.

वर्णभेदाच्या देशात हृदय देताघेताना रंग पाहिला गेला का?

पाहिला गेला. गोऱ्या डॉक्टरांनी काळ्यांवर प्रयोग केले अशी बोंब होऊ नये म्हणून पहिला दाता आणि पहिला रुग्ण दोघेही गोरे असावेत, असं रुग्णालयात आधीच ठरलं होतं. तरी डेनिसचं एक मूत्रपिंड दहा वर्षांच्या कलर्ड मुलाला बसवलं, त्यावर काहींनी नाकं मुरडली. ब्लायबर्ग यांना मिळालेलं हृदय क्लाइव्ह हॉप्ट या कलर्ड तरुणाचं होतं. ज्या बाकावर बसायची हॉप्टला बंदी होती, त्या बाकावर त्याचं हृदय आता बसू शकत होतं. बर्नार्डनी आपल्या विभागात रुग्णांची रंगावरून वाटणी होऊ दिली नाही आणि सरकारवर टीकाही केली. पण त्याच सरकारने जगापुढे मिरवायला त्यांचं नाव वापरलं, हेही खरं.

भारतात पहिलं हृदयरोपण कधी झालं?

मुंबईत, परळच्या केईएममध्ये, फेब्रुवारी १९६८ मध्ये. केप टाउननंतर जेमतेम अडीच महिन्यांत! डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे बर्नार्ड, ब्रुकलिनचे कॅन्ट्रोविट्झ आणि शमवे यांच्यानंतर माणसाचं हृदय बदलणारे जगातले चौथे सर्जन. महापालिकेच्या रुग्णालयात त्यांनी आधी कुत्र्यांवर वर्षानुवर्षं तयारी केली होती. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या प्रयत्नाचंही तेच झालं. बर्नार्डचं नाव आपल्याकडे प्रश्नमंजूषेत असतं आणि सेन यांचं नसतं, याची मला खंत वाटते.

त्यानंतर मोठी सामसूम. अवयवरोपणाचा केंद्रीय कायदा १९९४ मध्ये आला. तो व्हावा म्हणून ज्या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, तिसरं हिमाचल प्रदेश. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी यशस्वी रोपण केलं. मुंबईला पुन्हा हृदयरोपण व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडलं. पुण्यातल्या दात्याचं हृदय विमानाने आणि मोकळ्या केलेल्या रस्त्यांवरून मुलुंडला नेलं आणि डॉ. अन्वय मुळे यांनी ते बसवलं.

मधली इतकी वर्षं सगळं थांबलं का होतं?

जगभरच थांबलं होतं. १९६८ मध्ये शंभराच्या आसपास रोपणं झाली. जो तो उठला आणि हृदय बदलायला लागला, रुग्ण मात्र दिवसांत किंवा आठवड्यांत जात होते. १९७१ पर्यंत बहुतेकांनी नाद सोडला. शमवे सोडेनात, बर्नार्डही. हृदय नाकारलं जातंय का हे आधीच कळावं म्हणून शिरेतून बारीक चिमटा घालून हृदयाचा कणभर तुकडा काढायची युक्ती १९७३ मध्ये स्टॅनफर्डला निघाली. आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बुरशीपासून मिळालेलं सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आलं, तेव्हा कुठे रोपण हे नेहमीचं ऑपरेशन झालं. बर्नार्डनी मधल्या काळात, १९७४ मध्ये, जुनं हृदय न काढता शेजारी दुसरं जोडायची पद्धतही काढली. नवं रुसलं तर जुनं थोडा वेळ निभावून नेईल, हा हिशोब.

त्यांना नोबेल मिळालं का?

नाही.

प्रसिद्धीने ते बिघडले, हे खरं का?

त्यांना प्रसिद्धी आवडायची आणि ते लपवायचेही नाहीत. एका पहाटेत जगप्रसिद्ध झाले, मग पोपची भेट, नट्यांबरोबर फोटो, मासिकांची मुखपृष्ठं. तीन लग्नं, तिन्ही मोडली. १९८३ मध्ये संधिवातामुळे सुरी खाली ठेवली. नंतर ग्लायसेल नावाच्या तारुण्य टिकवणाऱ्या महागड्या क्रीमला त्यांनी नाव दिलं. त्या क्रीमचे दावे टिकले नाहीत आणि सहकाऱ्यांच्या मनातून ते साफ उतरले. संधिवाताची कीव करणारेही इथे त्यांची बाजू घेत नाहीत, मीही घेणार नाही.

त्यांचा मृत्यू हृदयविकाराने झाला ना?

तशी बातमी पहिल्यांदा आली होती. २ सप्टेंबर २००१ ला सायप्रसमधल्या पाफोस इथे सुट्टीवर असताना ते गेले. शवविच्छेदनात कारण निघालं दम्याचा तीव्र झटका. वय ७८.

ती थिएटरं आज पाहता येतात का?

ग्रूट स्कूरच्या जुन्या इमारतीत २००७ पासून त्यांचं संग्रहालय आहे. दोन्ही थिएटरं त्या रात्रीसारखी मांडली आहेत, माणसांच्या जागी पुतळे उभे आहेत. फोटो नसल्यामुळे सगळं आठवणींवरून उभारलेलं. पण लोक जास्त वेळ रेंगाळतात ते वेगळ्याच खोलीत, असं जाऊन आलेले सांगतात. ती डेनिसची झोपायची खोली. तिथे तिचं अंथरूण आणि तिच्या वस्तू मांडून ठेवल्या आहेत.